अकराशे ऐंशी रुपयांची शिष्यवृत्ती

मला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत तो येतो. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, दिव्यांगत्वाची टक्केवारी चाळीसच्या वर आहे, म्हणून नागपूरला बी.एस्सी.ला आल्यावर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. पुढे चार महिने काहीच हालचाल नाही.

जानेवारीत क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या तीव्र वेदनांचा झटका, येऊन दवाखान्यात भरती होते, तेव्हा फोन आला. "मॅडम, समाजकल्याणमधून बोलतोय." नाव, कॉलेज, टक्केवारी, सगळं घडाघडा सांगितलं. (फॉर्म कसा भरायचा ते विचारताना वर्गाच्या ग्रुपवर कार्डाचा फोटो मीच टाकला होता.) म्हणाला, शिष्यवृत्ती मंजूर आहे, फक्त प्रोसेसिंग फी बाकी आहे, १,१८० रुपये. हजार, वर अठरा टक्के जीएसटी. त्या १८०नंच माझा घात केला. फसवणारा जीएसटी कशाला लावेल, असं वाटलं.

मग आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून २,९५०. तेही जीएसटीसकट! बँक जोडली आहे की नाही, ते आधारच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं.

तिसऱ्यांदा म्हणाला, आता पैसे पाठवतो. भावाच्या फोनवर क्यूआर पाठवला, तो माझ्या फोननं स्कॅन करायला लावला. माझ्या उजव्या हाताला सलाईन. धाकट्याला पिन सांगितला, त्यानं दाबला. ९,८०० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं. दुखण्यानं सुचलं नाही असं घरी सांगितलं. खरं म्हणजे 'मंजूर' ऐकल्यावरच डोकं बंद झालं होतं.

सुट्टी झाल्यावर कॉलेजात गेले. बाबूंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "पोरी, अर्ज तर माझ्याच लॉगिनला पडून आहे. इथून पुढे गेल्याशिवाय समाजकल्याणला दिसणार कसा?" उत्पन्नाचा दाखला जुना होता, एवढंच. आणि फी? या अर्जाला एक रुपयाही लागत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तिसऱ्या दिवशी. तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरले होते. त्याच तासात फोन केला असता तर रक्कम गोठवता आली असती कदाचित.

काल हॉस्टेलातल्या मैत्रिणीला फोन आला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन माझ्या हातात दिला. आवाज दुसरा होता, आकडा तोच, १,१८०.