लेकरासाठी तट्टू घेताय? "डोळ्यात फूल आहे म्हणून स्वस्तात देतो" म्हणणारा भेटला तर आधी हे वाचा

आम्ही साताऱ्याकडचे. लेक ९ वर्षांची, पाचगणीला टेबललँडवर घोड्यावर बसली तेव्हापासून स्वतःचं तट्टू पाहिजे म्हणून मागे लागलेली. घरी जागा आहे, गोठा आहे, कडब्याची ददात नाही, म्हणून मागच्या हिवाळ्यात घ्यायचं ठरलं. आमच्या बाबतीत जे झालं ते सगळं लिहितेय, कारण नुसती थाप मारून फसवलं असतं तर एवढं लिहिलं नसतं. ह्या माणसाने आधी खरं बोलून विश्वास कमावला आणि मग फसवलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

अकलूज, सारंगखेडा असल्या मोठ्या बाजारात बघायला गेलं की मारवाडी, काठेवाडी घोड्यांचे आकडे लाखांत ऐकू येतात, पोराचं तट्टू मात्र बऱ्याचदा ओळखीतून नाहीतर एखाद्या व्यापाऱ्याकडून मिळतं. आम्हाला असाच एक जण व्हॉट्सअॅपवर सापडला. फोटोत कुमेत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट) रंगाचं, कपाळावर टिळा असलेलं, ४८ इंच उंचीचं, खच्ची केलेलं तट्टू, वय ७ वर्षं, "लहान पोरं बसवा, कान हलवणार नाही". मागणी ७५ हजार.

बघायला गेलो तेव्हा त्याने आपणहून सांगितलं की ताई, लपवत नाही, डाव्या डोळ्यात फूल आहे. टॉर्च मारून दाखवलं पण. बुबुळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. म्हणे ह्याच्यामुळे गिऱ्हाईक मागे फिरतं, तुम्ही पोरीसाठी घेताय तर १५ हजार कमी द्या. आता समोरचा माणूस स्वतःच्या मालातली खोट स्वतः दाखवतोय आणि वर पैसे सोडतोय म्हटल्यावर कोणालाही वाटणारच की हा सरळ आहे. आम्ही तिथे तासभर डोळ्याचीच चर्चा करत बसलो, त्या बाजूने दिसतं का, वाढेल का, ड्रॉप टाकायचे का. पायांकडे कोणाचं लक्षच जाऊ नये ह्यासाठीच तो डोळा पुढे केला होता हे आता कळतंय.

त्याने पळवून दाखवलं ते नांगरलेल्या मऊ रानात, सरळ रेषेत, दुडकी चाल एकदम मोकळी. खुरांना तेल लावून काळे कुळकुळीत केलेले, नाल कोरे करकरीत. मानेवर थाप मारून म्हणाला मान बघा कशी भरलीय, खाऊन पिऊन आहे जनावर. ग्लँडर्स ह्या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराच्या टेस्टचा रिपोर्ट फोनवर दाखवला, निगेटिव्ह, त्यात वर्णन नुसतं "कुमेत" आणि तारखेचा भाग फोटोत कापलेला. ह्यांनी विचारलं तर म्हणे ओरिजिनल गावाकडे आहे, पाठवतो. ६० हजारात व्यवहार झाला, पैसे त्याने दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर ट्रान्स्फर करायला लावले.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस सगळं छान. मग सकाळी बघितलं तर पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभं, पाण्याकडे यायला तयार नाही, वळवायला गेलं की अंगणातल्या फरशीवर पाय असा उचलतंय जसं काही निखाऱ्यावर चाललंय. लेक आदल्या दिवशीच त्याच्यावर बसली होती आणि ते अडखळलं तेव्हा पुढे फेकली गेली होती, हेल्मेट होतं म्हणून हातावर खरचटण्यावर निभावलं. आम्हाला वाटलेलं नवीन जागा, बुजलं असेल.

डॉक्टरांनी येऊन आधी खुराला हात लावला, गरम. खुराच्या वर मागच्या बाजूला बोटं ठेवून नाडी बघितली आणि मला पण बघायला लावली, ठणठण उडत होती, निरोगी घोड्याची तिथली नाडी पटकन सापडतसुद्धा नाही म्हणे. लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरचं कवच ह्यांना धरून ठेवणारा थर सुजतो, पकड सुटली की हाडाचं टोक खाली तळव्याकडे वळायला लागतं. एक्स-रेमध्ये ते वळलेलं स्पष्ट दिसलं, म्हणजे दुखणं जुनं असणार. मग नालबंदाला बोलावलं, त्याने तेल पुसून खूर दाखवला. कवचावर आडव्या कडा होत्या त्या कानशीने घासून सपाट केलेल्या, पण टाचेकडे राहिल्या होत्या, पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकलेल्या. ही जुन्या लॅमिनायटिसची खूण, रोज खूर हातात घेणाऱ्याला लांबून कळते.

आणि ती भरलेली मान! डॉक्टर म्हणाले आयाळीखाली चरबीचा असा घट्ट कडक पट्टा झाला असेल तर तीच धोक्याची खूण, लठ्ठ तट्टांमध्ये हा आजार जास्त असतो. विक्रीच्या वेळी पेनकिलर दिलेलं असणार, त्याचा असर उतरला तसं दुखणं वर आलं. वय पण ७ नाही. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी खाच असते, ती साधारण १० व्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते आणि १५ च्या आसपास अर्ध्या दातापर्यंत येते. आमच्या तट्टाची अर्ध्याच्या खाली गेली होती.

इथे मला एक आवर्जून सांगायचंय. वयाबद्दल खोटं बोलायची गरजच नव्हती. तट्टू सांभाळलं तर २५-३० वर्षं जगतं, लहान पोरासाठी १४-१५ वर्षांचं शांत, रुळलेलं तट्टू हे ४ वर्षांच्या चपळ तट्टापेक्षा कधीही चांगलं. अंगावर जुना व्रण आहे, डोळ्यात छोटं फूल आहे आणि डॉक्टर म्हणतायत दिसतंय, अंगावरचा केसांचा भोवरा अशुभ आहे म्हणून लोक घेत नाहीत, असल्या गोष्टींसाठी पैसे कमी होत असतील तर खुशाल घ्या. पाय, खूर, श्वास आणि रक्ताची टेस्ट ह्यांच्यात खोट असेल तर मात्र कितीही सूट मिळाली तरी घेऊ नका. आमचे सुटलेले १५ हजार एक्स-रे, औषधं आणि स्पेशल नाल ह्यातच संपले, आणि नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदलावे लागतात. हरभरा, गूळ, हिरवा लसूणघास सगळं बंद, म्हणजे आपल्याकडे माया म्हणून जे जे चारतात ते सगळं. लेकीला बसायला तर मिळतच नाही.

ग्लँडर्सचं सगळ्यात जास्त टेन्शन आलं होतं. हा आजार घोड्यापासून माणसाला होतो, लस नाही, आणि पॉझिटिव्ह निघालं तर कायद्याने जनावर मारावंच लागतं. सरकारी पशुवैद्यकांकडून नव्याने रक्त घेऊन टेस्ट केली, निगेटिव्ह आली, तोपर्यंत पोरीला गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. त्यामुळे रिपोर्ट कागदावर बघा, त्यावरची तारीख, नर की मादी, रंग, खुणा समोरच्या जनावराशी ताडून बघा.

आणि बघायला जाताना डॉक्टर तुमचा न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. सोबत नालबंद असेल तर उत्तमच. सकाळी न सांगता जा. डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर चालवून बघा, दोन्ही बाजूंना लहान गोलात वळवा, मऊ रानात हे दुखणं लपतं. आठवडाभर ट्रायलवर मागा, पेनकिलर तेवढे दिवस टिकत नाही, आणि ट्रायलला सरळ नाही म्हणाला तर परत या. वय, आजार, खोड नाही हे सगळं लिहून सही घ्या, पैसे विकणाऱ्याच्याच खात्यावर टाका.

आमच्या माणसाने "दावणीवरून नेलं की जबाबदारी तुमची" म्हणून नंबर ब्लॉक केला. पण त्याचे "वय ७, एकही खोड नाही" हे मेसेज आमच्याकडे आहेत, ते, एक्स-रे आणि डॉक्टरांचं पत्र जोडून ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. तट्टू आमच्याकडेच राहणार, आता जरा बरं चालतंय. सातारा, वाई, फलटण भागात कोणी तट्टू बघायला जाणार असेल आणि व्यापारी आपणहून डोळ्यातलं फूल दाखवायला लागला तर पैसे देण्याआधी मला मेसेज करा, फोटो पाठवा, आमचा नालबंद सोबत यायला तयार आहे.