गाठच काढायची की पूर्ण स्तन? ‘लाईट’चा हिशेब आधी मांडा

“पूर्णच काढून टाका डॉक्टर, म्हणजे लाईटची भानगड नको.” स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सर्जनला असं ठणकावून सांगितलेल्या कितीतरी जणी महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या मशीनसमोर हात वर करून झोपलेल्या असतात. मी रेडिएशन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. किरणांच्या या उपचाराला कोणी शेक म्हणतं, कोणी लाईट. ऑपरेशनचा निर्णय मी घेत नाही, पण तो कुठे चुकीच्या समजुतीवर घेतला गेलाय, ते मला रोज दिसतं.

स्तन काढला म्हणजे लाईट टळली, असं नसतं. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी निघाली किंवा काखेतल्या चार वा अधिक लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) कॅन्सर सापडला, तर स्तन काढल्यावरही छातीला रेडिएशन द्यावं लागतं. अशा एक ते तीन ग्रंथी असतील तर डॉक्टर बाकीचं चित्र बघून ठरवतात. हे कळतं ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात. आधी छातीठोक शब्द कोणी देऊ शकत नाही.

गाठ लहान आणि आजार सुरुवातीचा असेल, तर दोन्ही रस्ते खुले असतात. इटलीतल्या मिलानमध्ये सर्जन वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० दरम्यान ७०१ बायकांवर हीच तुलना केली. निम्म्यांचा पूर्ण स्तन काढला, निम्म्यांचा गाठीचा भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. फरक एकच. त्याच जागी आजार परतला तो स्तन राखलेल्यांपैकी ३० जणींत आणि काढलेल्यांपैकी ८ जणींत. म्हणजे स्तन राखायचा तर पुन्हा ऑपरेशनची थोडी जास्त शक्यता मान्य करायची. ज्यांना तेवढा धोकाही झोप लागू देणार नाही, त्यांनी स्तन काढायचं ठरवलं तर मी त्यांना भित्र्या म्हणणार नाही.

पण गाठ काढून घ्यायची आणि लाईटला जायचंच नाही, हा तिसरा रस्ता बहुतेकींसाठी नाही. अमेरिकेतले सर्जन फिशर यांच्या अभ्यासात वीस वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत १४.३ टक्के होतं, न घेतलेल्यांत ३९.२ टक्के. डोळ्यांना न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींचा डीएनए किरण तोडतात. निरोगी पेशी पुढच्या सीटिंगपर्यंत बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून डोस रोज थोडा थोडा. सवलत आहे ती वयाने मोठ्या काही जणींना: ६५ वर्षांपुढे, लहान गाठ, काखेत कॅन्सर नाही आणि हार्मोनला रोखणारी गोळी नेमाने घेणार असतील, तर लाईट टाळण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

काहींच्या बाबतीत मात्र स्तन राखायचा विचारच सहसा सोडावा लागतो. गाठी स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत पसरल्या असतील, छातीला पूर्वी रेडिएशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील आणि बाळंतपणापर्यंत थांबता येत नसेल, तर. नुसती गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का, हे विचारा. स्तन काढून इम्प्लांट बसवायचं मनात असेल, तर नंतर रेडिएशन लागलं की इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याचा त्रास वाढतो, हेही धरून चाला.

आता सीटिंग किती? जुनी पद्धत २५ दिवसांची. आज बहुतेक ठिकाणी १५. ब्रिटनमधल्या अभ्यासाचे २०२० मध्ये आलेले निकाल पाच सीटिंगचे: आठवडाभरात २६ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप). पाच वर्षांत आजार परतण्याच्या बाबतीत ती पद्धत १५ सीटिंगपेक्षा कमी पडली नाही. लातूर-नांदेडहून मुंबईत येऊन दादरच्या धर्मशाळेत राहणाऱ्या बाईला एक आठवडा आणि तीन आठवडे यांतला फरक मी सांगायला नको. पण काखेलाही लाईट द्यायची असेल, तर बरेच डॉक्टर अजून १५ वरच थांबतात. तरुण वयात गाठीच्या जागेला ‘बूस्ट’, म्हणजे जादा डोस, लागतो, तेव्हा दिवस वाढू शकतात. आणि पाच सीटिंग म्हणजे बिल एक तृतीयांश, असं धरू नका; बऱ्याच ठिकाणी आकारणी पॅकेजवर असते.

आत नेमकं काय होतं? हिरव्या लेझरच्या रेघा अंगावरच्या ठिपक्यांशी जुळवण्यात आमची दहा मिनिटं जातात, किरण चालतात दोन-तीन मिनिटं. चटका बसत नाही. डाव्या स्तनाला लाईट असेल तर स्पीकरवरून सांगते, “ताई, श्वास घ्या, धरा.” वीसेक सेकंद. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. डोक्याचे केस जात नाहीत. अंगात किरण उरत नाहीत; घरी जाऊन नातवाला मांडीवर घ्या, खुशाल. कातडी काळवंडते, कधी सोलते, आणि गंमत म्हणजे त्रास सर्वांत जास्त होतो तो लाईट संपल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. थकवाही येतो.

दोन्ही रस्त्यांवर काखेतलं ऑपरेशन सहसा असतंच, त्यामुळे हाताच्या सुजेची भीती फक्त पूर्ण स्तन काढण्याच्या खात्यावर टाकू नका. सर्जनने परवानगी दिली की भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सुरू करा. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला हात डोक्यावर जावा लागतो. खांदा आखडलेल्या बाईला मला फिजिओथेरपीला परत पाठवावं लागतं, आणि तेवढी लाईट लांबते.