ॲमेझॉनचा इंटरव्ह्यू: अर्धा तास कोडिंग, अर्धा तास उलटतपासणी

ॲमेझॉनमध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपर व्हायचं म्हणून लोक तीन-तीन महिने लीटकोड (कोडिंगच्या सरावाची वेबसाइट) घासतात आणि पडतात भलत्याच ठिकाणी. हैदराबाद, बंगळुरू किंवा चेन्नईच्या जागेसाठी तयारी करणाऱ्यांनी निदान तासांचा हिशेब तरी आधी मांडावा.

पहिली चाळणी ऑनलाइन परीक्षेची. कोडिंगचे दोन प्रश्न, साधारण दीड तास, आणि त्यानंतर कामावरचे प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असं विचारणारा भाग. प्रश्न ओळखीचेच असतात, फक्त गोदाम, पार्सल, सर्व्हर अशा वेष्टनात येतात. दिसणाऱ्या दोन-तीन टेस्ट केस (कोड तपासणारी उदाहरणं) पास झाल्या म्हणून हुरळून जाऊ नये, निकाल लपवलेल्या केसवर लागतो. अटींमध्ये एन (इनपुटचा आकार) एक लाखापर्यंत दिलेला असताना लूपमध्ये लूप घातला, की एक हजार कोटी फेऱ्या होतात आणि वेळेची मर्यादा ओलांडली जाते. जावावाल्यांची नेहमीची ठेच म्हणजे बेरीज इंट या लहान आकड्यांच्या प्रकारात ठेवणं. आकडा २१४ कोटींच्या पुढे गेला की उत्तर उणे येतं. सरळ लाँग हा मोठा प्रकार घ्या.

पुढे ‘लूप’, म्हणजे मुलाखतींची सलग फेरी. अनुभवी उमेदवाराला चार-पाच राउंड, प्रत्येकी तासाभराचे. नवख्यांना थोडे कमी. कागदावर तो कोडिंगचा राउंड असला तरी पहिली वीस ते तीस मिनिटं ॲमेझॉनच्या ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’वरच्या प्रश्नांत जातात. ही तत्त्वं आधी १४ होती, २०२१ मध्ये १६ झाली. ती पाठ करून काही उपयोग नाही. प्रत्येक मुलाखतकाराला त्यातली दोन-तीन वाटून दिलेली असतात आणि तुमच्या उत्तरात तो त्यांचाच पुरावा शोधत असतो.

मराठी मुलांची इथे हमखास गोची होते. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये हे आपल्या अंगात मुरलेलं, त्यामुळे इंग्रजीतही सगळं ‘वुई’ मध्ये येतं. ‘आम्ही एपीआय फास्ट केला’ म्हटलं की समोरून तिथेच पकडतात: त्यात तुमचं काम कोणतं? आधी किती वेळ लागत होता? सरासरी की पी९९ (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळात पुऱ्या होतात तो)? अडचण कुणाच्या लक्षात आली? दुसरा उपाय होता तर तो का सोडला? चौथ्या प्रश्नाला ऐकीव गोष्ट उघडी पडते. तेच उत्तर असं द्या: पी९९ १२०० मिलिसेकंद होता, दर ऑर्डरमागे डेटाबेसला वेगळी क्वेरी जात होती, मी लॉगमधून ते शोधलं, क्वेऱ्या एकत्र केल्या, आकडा ३०० वर आला, कॅश (तात्पुरती साठवलेली प्रत) टाळला कारण साठ्याची संख्या शिळी दिसली असती. दीड-दोन मिनिटांत संपवा, बाकीचं त्यांना विचारू द्या.

असे आठ-दहा प्रसंग लिहून काढा, आकड्यांसकट. त्यातला एक खऱ्याखुऱ्या चुकीचा हवा. ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ ही चूक चालत नाही. दुसरा, वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा. निर्णय विरोधात गेल्यावर तुम्ही तोंड पाडून बसलात की कामाला लागलात, हे त्यांना बघायचं असतं. एकच प्रसंग चारही राउंडमध्ये वापरू नका, नंतर सगळे एकत्र बसून टिपणं ताडतात. बोलताना पलीकडून सतत कीबोर्ड वाजतो, तो याच टिपणांचा. आपण चुकलो असं समजून घाबरू नये.

मुलाखत घेणाऱ्यांतला एक जण ‘बार रेझर’ असतो. ही पद्धत १९९९ पासूनची. तो मुद्दाम दुसऱ्या टीममधला असतो, जागा लवकर भरण्याची त्याला घाई नसते आणि त्याचा नकार मॅनेजरला डावलता येत नाही. तो कोण हे सहसा सांगत नाहीत. बहुधा ज्याचा तुमच्या टीमशी काही संबंध दिसत नाही आणि जो एकाच प्रसंगात सर्वांत खोल उतरतो, तो.

उरलेल्या अर्ध्या तासात कोडिंग, तेही अशा एडिटरमध्ये जिथे कोड चालवून बघता येत नाही. ऑटो-कम्प्लीट नाही, लाल रेघ नाही. म्हणून सराव साध्या नोटपॅडवर करा. रिकामा ॲरे (आकड्यांची यादी), एकच घटक, सारखे आकडे हे स्वतःच तपासून मोठ्याने बोला. अनुभवी उमेदवाराला सिस्टिम डिझाइन (मोठी यंत्रणा कशी उभी कराल), नवख्याला बहुतेकदा पार्किंग लॉटसारखं क्लास डिझाइन (कोडचे भाग कसे पाडाल).

शिस्तीत ही प्रक्रिया उजवी आहे. काय तपासणार हे आधीच उघड सांगणाऱ्या कंपन्या थोड्या. नकाराचं कारण मात्र सांगत नाहीत, आणि चार-पाच तास दिलेल्या माणसाला दोन ओळींची मेल मिळणं खटकतं. लूपनंतर कामाचे पाच दिवस उलटले, तर रिक्रूटरला खुशाल विचारा.

ऑफर आलीच, तर एकूण आकड्यावर भाळू नका. शेअर चार वर्षांत ५, १५, ४०, ४० टक्के असे हातात पडण्याची पद्धत तिथे वर्षानुवर्षं रूढ आहे. पहिल्या दोन वर्षांची भरपाई जॉइनिंग बोनसने होते. मधेच सोडलं तर तो किती परत करावा लागेल, ते कलम सही करण्याआधी वाचा.