प्रोजेक्टचे ग्रुप: व्यक्तिमत्त्व चाचणी की एसटीची वेळ?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे ग्रुप पाडायची वेळ आली की स्टाफरूममध्ये वाद ठरलेला. जळगावात मी सगळे प्रकार करून बसलो आहे.

रोल नंबरप्रमाणे पाडले तर कुरकुर कमी. पण कोडिंग न येणारे चौघे एकत्र आले की शेवटी गाइडच प्रोजेक्ट करतो.

दुसरा प्रकार, व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन ग्रुप जुळवायचे. या चाचण्यांत सर्वांत गाजलेली मायर्स-ब्रिग्ज. कार्ल युंगच्या १९२१च्या मांडणीवरून एका मायलेकीने बेतलेली, अंतर्मुख-बहिर्मुख अशा चार जोड्यांतून एकेक अक्षर घेऊन १६ प्रकार देणारी. पोरांना आवडते, गप्पाही रंगतात. अडचण अशी, की काठावरचा माणूसही कुठल्यातरी एका खणात जातो आणि काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली की अनेकांचं एखादं तरी अक्षर बदलतं. नोकरभरतीसाठी ही वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात. आमच्या एकाने पार्टीवरच्या प्रश्नाला विचारलं, "सर, पार्टी म्हणजे भरीत पार्टी ना?" वर्गात तोंड न उघडणारा हा पोरगा शेतात वांगी भाजायला बसला की दहा जणांना कामाला लावतो. त्याला अंतर्मुख लिहू की बहिर्मुख?

बिग फाइव्ह ही दुसरी चाचणी त्यापेक्षा बरी. खण नाहीत, पाच गुणांवर कमी-जास्त मोजमाप; संशोधकांचा भरवसाही हिच्यावर जास्त. पण 'काम वेळेत पूर्ण करता का' याला मार्कांच्या धाकात 'नाही' कोण लिहील?

आता माझा कल. केळीच्या पानावरचा करपा ओळखणाऱ्या अ‍ॅपचा एक ग्रुप मी चाचणीवरून जुळवला होता, कागदावर अगदी छान. त्यात दोघं भुसावळहून अपडाऊन करणारी, एक चोपड्याचा. तिघांना मिळून मोकळा वेळ आठवड्याला जेमतेम पाऊण तास! आणि ज्याच्या घरी रावेरला केळीची बाग, तो भलत्याच ग्रुपमध्ये. पानांचे फोटो आणायचे कुणी?

म्हणून आता साधा फॉर्म देतो: परतीची गाडी कितीला, घरी लॅपटॉप आहे का, कोडिंग-हार्डवेअर-लिखाण यांतलं काय जमतं. तीन-चार जणांचा ग्रुप, आणि शक्यतो मुलगी एकटी पडू देत नाही. किचकट आहे, माझे दोन दिवस जातात. रुसवेफुगवेही होतात, कारण जिगरी दोस्त तुटतात.

चाचणी घ्यायचीच तर ग्रुप पडल्यावर, दुसऱ्या आठवड्यात चहासोबत घ्या. निकाल मात्र पोरांकडेच राहू द्या.