माझेच चांगले दिवस मला विकले गेले

“मूठ आवळलेली वाटते ना? नखं तळव्यात रुततात ना?”

पहिल्याच फोनवर त्या माणसानं हे विचारलं आणि मला रडू फुटलं. माझा उजवा हात कोपराच्या वरून काढून तेव्हा चार महिने झाले होते. नसलेला तो हात रात्र रात्र ठणकायचा. मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत चेपलेला, काही केल्या उघडायची नाही. कुणाला सांगायला जावं तर समोरचा आधी रिकाम्या बाहीकडे बघायचा. ‘मनाचे खेळ असतात, होईल सवय’ हे इतक्यांदा ऐकलं की मी सांगणंच सोडलं होतं. आणि हा अनोळखी माणूस न सांगता ओळखतो! माझा विश्वास तिथेच बसला.

ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे फार उशिरा कळलं. हात गमावलेल्या कित्येकांना अशीच आवळलेली मूठ जाणवते. कापलेला अवयव दुखतो ही तक्रार सोळाव्या शतकात आंब्रोआज पारे या फ्रेंच शल्यविशारदानं लिहून ठेवली आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमींना तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये तिला ‘फॅन्टम’, म्हणजे भूत, हे नावही दिलं. त्या माणसानं एवढं कुठंतरी वाचलेलं असणार. मला मात्र कुणीच सांगितलेलं नव्हतं.

त्यानं दंडाला बांधायचा एक ‘तरंग-पट्टा’ दिला. चाळीस दिवसांचा कोर्स, पैसे आधी आणि रोख, बिल नंतर. शंभर टक्के खात्री. अट एकच, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या, कारण त्या तरंग अडवतात म्हणे. मी मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिन घेत होते. ते हळूहळू कमी करायचं औषध, मी एका दिवसात थांबवलं. झोप उडाली, घाम फुटायचा, जीव घाबराघुबरा व्हायचा, हात तर नुसता पेटला. फोन केला तर म्हणाला, “साठलेलं दुखणं बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.” आठवड्याभरानं थोडं उतरलं तेव्हा म्हणाला, “बघा, पट्टा लागू पडला.” मी दुसरा हप्ता दिला.

इथेच खरी फसगत झाली, म्हणून हे नीट सांगते. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला रोजच्या दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायला सांगितलं होतं. डाव्या हातानं गिरवलेली ती वही पुढे आम्ही दोघींनी समोर ठेवून वाचली. पट्ट्याच्या आधीचे आकडे असे होते: आठ, नऊ, सहा, तीन, चार, आठ. म्हणजे दुखणं आपलं आपण चढत-उतरत होतं. नवा उपाय आपण शोधतो तो नऊच्या दिवशी. त्यानंतर बहुतेक वेळा उतारच येतो, आणि त्या वेळी दंडाला जे बांधलेलं असेल त्याला श्रेय जातं.

बाईंनी पट्टा माझ्यासमोरच उसवला. आत बटणाएवढा सेल, मोबाईल थरथरवते तशी इवलीशी मोटर, एक लाल दिवा आणि गोंदानं चिकटवलेले दोन लोहचुंबक. बस.

पैशांपेक्षा मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. स्टंपवर, म्हणजे दंडाच्या उरलेल्या टोकावर, एक बिंदू होता, तिथे बोट टेकलं की नसलेल्या करंगळीपर्यंत करंट जायचा. मी हे त्याला सांगितलं होतं. “तेच तरंगाचं दार, पट्टा तिथेच आवळा,” असं त्याचं उत्तर. तो निघाला न्यूरोमा, कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला आलेली गाठ. त्यावर उपचार आहेत. मी मात्र दोन महिने रोज तीच गाठ दाबत बसले.

आता गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू आहेत, आणि आरसा आहे. मेंदूचे अभ्यासक विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेला हा उपाय. आरसा असा उभा धरायचा की डाव्या हाताचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसावं. मी रोज पंधरा मिनिटं बसते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पहिले काही दिवस तो हात दिसला की पोटात कालवायचं. नवव्या दिवशी डावी मूठ सावकाश उघडली तेव्हा उजवा अंगठा आतून सुटला. पाचेक मिनिटंच, पण सुटला. आजही एखादी रात्र सातची जाते.

तक्रार दिली आहे. बिल नसल्यामुळे न पुसलेले मेसेज एवढाच पुरावा हाती आहे. त्याचा नंबर आता बंद लागतो, दुसरा घेतलाच असेल. मुठीचा प्रश्न विचारणारा फोन तुम्हाला आला तर त्यालाच विचारा, पट्ट्यात काय आहे आणि बिल आधी मिळेल का. मी हे विचारलं ते पैसे दिल्यावर. बिलाचं नाव काढताच त्यानं फोन ठेवला.