गेम बंद पडला, रिफंड त्याने खाल्ला

सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा गेम फारसा कुणाला आठवत नसेल, कारण तो जगलाच जेमतेम दोन आठवडे. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद झाले. पाच विरुद्ध पाच अशी ऑनलाइन गोळीबारी, निवडायला सोळा पात्रं, अमेरिकेत किंमत ४० डॉलर, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर. खेळणारेच मिळाले नाहीत. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून खेळणारे एका वेळी जास्तीत जास्त ६९७ जण होते. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी याहून जास्त माणसं असतात. शेवटी सोनीने गेम मागे घेतला आणि लोकांचे पैसे परत केले. याच परताव्याच्या आडून एकाने माझे १६०० रुपये मारले.

आधी हा धंदा कसा चालतो ते सांगतो. आपल्याकडे प्लेस्टेशनचे, म्हणजे सोनीच्या कन्सोलचे, गेम महाग, म्हणून पोरं चॅट ग्रुपवर 'अकाउंट' विकत घेतात. विकणारा नवीन अकाउंट उघडतो, स्वतःच्या कार्डाने गेम घेतो आणि आयडी-पासवर्ड तुम्हाला देतो. तुम्ही आपल्या कन्सोलवर ते अकाउंट प्रायमरी, म्हणजे मुख्य, करून घ्यायचं, मग गेम स्वतःच्या अकाउंटवरूनही चालतो. ईमेल आणि ओटीपीचा नंबर मात्र विकणाऱ्याकडेच राहतो. असे अकाउंट विकणं सोनीच्या नियमांत बसत नाही, तरीही ग्रुपवर हे राजरोस चालतं.

त्या वर्षी चवथ ७ सप्टेंबरला होती. सत्तरीतल्या मूळ घरी सगळी चुलत भावंडं जमणार, सोबत पीएसफाइव्ह (प्लेस्टेशन ५) न्यायचा, म्हणून नवा काहीतरी टीमने खेळायचा गेम हवा होता. ४ तारखेला ग्रुपवर मडगावच्या एकाची जाहिरात आली: 'कॉन्कॉर्ड, अर्ध्या किमतीत, शेवटचं अकाउंट'. मी विचारलं, एवढ्या स्वस्तात का? त्याने लगेच उत्तर दिलं, "स्टोअरवर आता मिळतच नाही, बघा जाऊन. हातातला एवढाच राहिलाय." मी प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवर पाहिलं. खरंच विक्रीला नव्हता.

मिळणार कुठून? आदल्याच दिवशी, ३ तारखेला, गेमच्या दिग्दर्शकाने जाहीर केलं होतं की विक्री ताबडतोब थांबवत आहोत, ६ तारखेला सर्व्हर बंद करू आणि पैसे परत देऊ. गेम मेल्याची ती खूण होती आणि या गृहस्थाने तीच दुर्मीळ माल म्हणून दाखवली. त्याचं डोकं मानलं पाहिजे, बाकी काही नाही.

यूपीआयने पैसे गेले, आयडी आला, गेम उतरला, एक-दोन सामने झालेही. चवथीच्या रात्री आरत्या आटोपून आम्ही बसलो तेव्हा गेम सर्व्हरला जोडेचना. चुलतभावाने फोनवर शोधलं आणि सगळी बातमी कळली. त्यातच रिफंडचंही होतं: प्लेस्टेशन स्टोअरवरून घेतला असेल तर पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत जातील.

म्हणजे कुणाच्या कार्डावर? त्याच्या.

त्याला मेसेज केला. उत्तर कोंकणीत, "टेन्शन घेवं नाका बाब," आणि पुढे, रिफंड भारतात मिळत नाही, गेम काही दिवसांत फुकट होऊन परत येणार, तेव्हा हे अकाउंट सोन्याचं होईल. कंपनीने आपल्या निवेदनात पुढचे पर्याय तपासू असं म्हटलं होतं, त्यावर त्याने हा इमला उभारला. पासवर्ड अजून चालत होता म्हणून मी अकाउंटमधली व्यवहारांची यादी उघडली. त्यात रिफंड स्पष्ट दिसत होता. त्याचा फोटो काढून त्याला पाठवला आणि थोड्याच वेळात पासवर्ड बदलला गेला. गेमची पूर्ण किंमत त्याला सोनीकडून परत, वर माझे १६०० नफा. तेच अकाउंट आणखी कुणाला सेकंडरी, म्हणजे दुय्यम, म्हणून विकलं असेल तर तेही वेगळे.

मी पोलिसांचं नाव काढल्यावर तो एकदम गोड झाला. पैसे देतो म्हणाला आणि क्यूआर पाठवला: "स्कॅन करा, पिन घाला, जमा होतील." यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. तो घातला असता तर आणखी गेले असते. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. पुढे २९ ऑक्टोबरला हा गेम बनवणारा फायरवॉक स्टुडिओच बंद झाल्याचं सोनीने जाहीर केलं आणि 'फुकट होऊन परत येणार' हेही निकालात निघालं.

गेम बंद पडण्याच्या बातम्या आता वरचेवर येतात. सेगाचा 'हायनाज' तर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बीटा चाचणी (बाजारात येण्याआधी खेळाडूंकडून होणारी चाचणी) होऊनही बाजारात आलाच नाही. तेव्हा ऑनलाइन गेम कुणाकडून घेत असाल तर पैसे देण्याआधी त्या गेमच्या नावाची त्या आठवड्यातली बातमी शोधा. स्टोअरवर मिळत नाही असं कुणी सांगितलं तर का मिळत नाही ते आधी बघा. आणि स्वस्तातलं अकाउंट घ्यायचंच असेल तर हे धरून चाला की उद्या परतावा आला तर तो तुमच्याकडे येणार नाही.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रारही नोंदवली. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट आणि रिफंडचा तो फोटो, एवढं जोडलं. पैसे आलेले नाहीत. रक्कम लहान म्हणून बहुतेक जण तक्रारच करत नाहीत, आणि त्या विकणाऱ्याचं सगळं गणित त्यावरच बसलेलं आहे. त्या चवथीच्या आसपास तुम्हीही मडगावच्या कुणाकडून हा गेम घेतला असेल तर तुमचा यूटीआर नंबर बँकेच्या ॲपमध्ये अजून सापडेल. तो काढा आणि तक्रार नोंदवा. एकाच खात्यावर पाच-दहा तक्रारी जमल्या तर ते खातं कुणाच्या तरी नजरेत येईल.