यूएसबी-सीरियल केबल दुकानदाराच्या लॅपटॉपवर चालली म्हणून घेऊ नका

आमचं काम वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं. काट्याचा इंडिकेटर (वजनाचे आकडे दाखवणारा डबा) आजही आरएस-२३२ या जुन्या सीरियल जोडणीवरच बोलतो आणि नव्या कॉम्प्युटरला ते नऊ पिनांचं पोर्ट नसतं, म्हणून मध्ये यूएसबी-सीरियल केबल लागते. दोन्हींमधलं भाषांतर करणारी चिप त्या केबलीतच असते. कारखान्यातली यंत्रं सांभाळणाऱ्या पीएलसी आणि सीएनसीवाल्यांचंही तेच. त्यांनीही हे वाचावं.

गाळप हंगामाच्या तोंडावर एका साखर कारखान्याने काट्यावरचा विंडोज ७ चा जुना पीसी काढून विंडोज ११ चा बसवला. त्यासाठी आम्ही एका दुकानातून केबली घेतल्या. पाकिटावर ‘पीएल२३०३, विंडोज ११ सपोर्ट’ (पीएल२३०३ हे चिपचं नाव), बिलावर ‘ओरिजिनल चिप’. दुकानदाराने स्वतःच्या लॅपटॉपला लावून दाखवली. दोन आणि तीन नंबरची पिन (डेटा घेणारी आणि पाठवणारी) जोडून टाइप केलेली अक्षरं पडद्यावर परत आली. विंडोज ११ च होतं, ते मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं.

कारखान्यात लावली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि पोर्टच्या नावाच्या जागी इंग्रजीत एक ओळ: ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर’. बाहेर उसाचे ट्रॅक्टर. काटामारीचा संशय शेतकऱ्याच्या मनात बाराही महिने असतो, त्यात पावत्या हाताने लिहायची वेळ आली. तिथे काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दुकानदाराला फोन केला. “साहेब, तुमच्या विंडोजचा प्रॉब्लेम आहे. माझ्याकडे तुमच्यासमोर चालली ना?”

चाललीच होती. पुन्हा जाऊन त्याच्या लॅपटॉपवर ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती उघडून पाहिली: ३.३.२.१०२. ही फार जुनी आवृत्ती, या बंद पडलेल्या चिपला हरकत न घेणारी. ती आधीच टाकून ठेवलेली. आपल्या पीसीवर विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर आणतं आणि तो चिप नाकारतो. जुना हाताने टाकला तरी पुढच्या अपडेटला तो पुन्हा बदलू शकतो.

मुळात केबल लावली की कॉम्प्युटर चिपला तिची ओळख विचारतो. चिप आपल्या फर्मवेअरमधून (आत भरलेल्या प्रोग्रॅममधून) व्हेंडर आयडी म्हणजे कंपनीचा नंबर, प्रॉडक्ट आयडी म्हणजे मालाचा नंबर आणि नाव सांगते, आणि त्यावरून ड्रायव्हर ठरतो. खरं-खोटं तपासायला तिथे कोणी नसतं. कोणीही दुसऱ्याचं आधार कार्ड दाखवून आत शिरावं, तसं. लिनक्सचा ड्रायव्हर तर नकली चिपलाही सहसा चालवून घेतो, त्यामुळे ‘लिनक्सवर बघा, चालते’ हाही पुरावा नाही. एक मात्र खरं: ही ओळ दिसली म्हणजे चिप नकलीच असं नाही. अस्सल पण जुन्या एचएक्सए चिपलाही तीच ओळ येते. ‘विंडोज ११ सपोर्ट’ मात्र दोन्ही बाबतींत खोटंच.

बदली म्हणून दुकानदाराने एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या एफटी२३२आरएल चिपच्या केबली दिल्या, फरकाचे पैसे घेऊन. त्या चालल्या. पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिव्हाइस इन्स्टन्स पाथ (विंडोजने केलेली केबलच्या ओळखीची नोंद) पाहिला तर दोन वेगळ्या केबलींचा सीरियल नंबर एकच! अस्सल एफटी२३२आरएलमध्ये प्रत्येक चिपचा नंबर वेगळा असतो. आणि नकली एफटीडीआय आज चालली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला होता. मग त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ओळखू येईनात. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. २०१६ मधला पुढचा ड्रायव्हर नकली चिप दिसली की डेटामध्ये ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!’ ही अक्षरं घुसवायचा. काट्यावर वजनाच्या जागी ती आली तर? नकली विकणारा नामानिराळा आणि शिक्षा केबल घेणाऱ्याला, हे मला अजून पटलेलं नाही.

पैसे परत मिळाले, पण दोन्ही स्क्रीनशॉट छापून काउंटरवर ठेवल्यावर. पुढे विकण्यासाठी घेतलेला माल असल्याने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आम्हाला लागू नव्हता. घरच्या वापरासाठी घेतली असेल तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता आम्ही स्वतःचा लॅपटॉप नेतो. जुना ड्रायव्हर काढून टाकतो, इंटरनेट चालू ठेवतो, विंडोजला हवा तो ड्रायव्हर आणू देतो आणि मग केबल लावतो. बिलावर चिपचं पूर्ण नाव लिहून घेतो. त्या कारखान्याच्या काट्यावर सध्या सीएच३४० या तिसऱ्याच चिपची स्वस्त केबल आहे, जी स्वतःला सीएच३४० च म्हणवते. दुकानदार बिलावर आता नुसतं ‘केबल’ लिहितो.